२९ रुपयांचं महाग पाकीट

२०२४ च्या जुलैत आमच्या मेणबत्तीवाल्या काकांनी साचे विकून टाकले. गुडघे गेले होते, मेणाच्या टाकीपुढे उभं राहवत नव्हतं. बाबांनी त्यांच्याकडून बावीस वर्षं माल घेतला आणि त्या बावीस वर्षांत एकदाही कोटेशन मागितलं नाही. फोन करायचा, ‘नेहमीचंच पाठवा’ म्हणायचं, दोन दिवसांनी टेम्पो दारात. काका थांबले तेव्हा कळलं की ‘नेहमीचं’ म्हणजे नेमकं काय, हे आमच्या दुकानात कुणालाच सांगता येत नाही. किती ग्रॅमची, कुठल्या मेणाची, कसल्या वातीची, सगळं काकांच्या डोक्यात. आमच्या वहीत फक्त पाकिटांचा आकडा आणि रुपये.

आमचं दुकान वसईत. पूजेचं सामान आणि मेणबत्त्या, घाऊक. माल जवळपासच्या पंचवीस-तीस किरकोळ दुकानांना जातो. मेणबत्तीला वर्षातून दोन मोठे हंगाम: दिवाळी, आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. त्या संध्याकाळी वसईतली ख्रिस्ती कुटुंबं चर्चच्या स्मशानभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात. एरवी या दोन हंगामांत थोडं अंतर असतं. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला, त्यामुळे एकातून उरलेला माल दुसऱ्यात खपायचा. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि २ तारखेला पाडवा अन् मृतांचा दिवस एकत्र. दोन्हींचा माल एकाच आठवड्यात लागणार आणि चुकलं तर पुन्हा मागवायला सवड नाही. अशा वर्षी मला नवा कारखानदार शोधायचा होता.

५ ऑगस्टला मी सात जणांना व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवला. तो इथे तसाच्या तसा देतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ त्यात आहे:

‘नमस्कार, आम्ही वसईतील घाऊक विक्रेते आहोत. पांढरी मेणबत्ती, ६ नगांचे पाकीट, मोठ्या प्रमाणात हवी आहे. बेस्ट रेट कळवावा.’

‘मोठ्या प्रमाणात’ म्हणजे किती, ते लिहिलं नाही. जाडी-लांबी नाही, वजन नाही, माल कुठे पोचवायचा ते नाही. आणि ‘बेस्ट रेट’ म्हटलं की कारखानदार आपल्याकडचा सगळ्यात हलका माल काढतो. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, स्वस्त मीच मागितलं होतं.

एकाने मेसेज पाहिलाच नाही. एकाने ‘किती गाड्या?’ विचारलं आणि मी आकडा सांगितल्यावर गप्प झाला. एकाने काचेच्या बरण्यांतल्या सुगंधी मेणबत्त्यांचा चाळीस पानी कॅटलॉग धाडला. उरलेल्या चौघांकडून भाव आले. त्यांना इथे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असंच म्हणतो.

पहिलं युनिट आमच्याच तालुक्यातलं. घराच्या मागे पत्र्याची शेड, नवरा-बायको आणि चार बायका कामाला. भाव मालकीणबाईंनी, म्हणजे आंटींनी, फोनवरच सांगितला: ३८ रुपये पाकीट, दुकानपोच, त्यावर काही नाही. दुसरा भिवंडीकडचा, यंत्रांवर माल काढणारा: ३३ रुपये अधिक जीएसटी, कारखान्यातून उचलायचा. तिसरा मुंबईतल्या मसजिद बंदरचा: २९ अधिक जीएसटी. चौथा गुजरातेतला, त्याने पाकिटाचा भाव दिलाच नाही, किलोचा दिला: १४० अधिक जीएसटी, भाडं आमचं.

बाबांनी कागदावर नजर टाकली आणि २९ वर बोट ठेवलं. मीही तेच करणार होतो. पण चौथ्याचा किलोचा भाव बाकीच्यांशी ताडून बघायचा तर एका पाकिटात मेण किती, हे कळायला हवं होतं आणि ते कुणीच सांगितलं नव्हतं. पाकिटांवरही बहुतेक वेळा ‘६ नग’ एवढंच छापलेलं असतं. म्हणून चौघांकडून दोन-दोन पाकिटं मागवली, पैसे देऊन. फुकट सॅम्पल मागू नये असं माझं मत आहे. फुकट आलेलं सॅम्पल निवडून पाठवलेलं असतं.

आईचा केकचा वजनकाटा दुकानात आणला. कागद काढून सहा-सहा मेणबत्त्या ठेवल्या. पहिल्याच्या २३२ ग्रॅम भरल्या, दुसऱ्याच्या २१०, तिसऱ्याच्या १६८. उंची तिन्हींची जवळजवळ सारखी, फरक सगळा जाडीत, आणि तो पाकिटात नजरेला येत नाही. चौथ्याचा माल किलोवर, त्यामुळे तिथे प्रश्न नाही असं वाटलं होतं. पण त्याच्या सॅम्पलच्या बिलावर एक किलो होता आणि काट्यावर मेणबत्त्या ९२० ग्रॅम. विचारलं तर म्हणाला, ‘आमच्याकडे वजन खोक्यासकटच धरतात.’ पुठ्ठाही मेणाच्या भावाने.

मग पडतळ काढली, म्हणजे माल प्रत्यक्षात कितीला पडतो ते. इथे कराची एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी मेणबत्तीवर जीएसटी १२ टक्के होता. आम्ही नोंदणीकृत, त्यामुळे दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला दिलेला कर आम्हाला आमच्या विक्रीवर भरायच्या करातून वजा मिळतो. तो खर्चात धरायचा नाही. आंटी मात्र कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर थोडा ठरावीक कर असतो त्यात. त्यांना बिलात कर लावता येत नाही आणि आम्हाला वजावट मिळत नाही, म्हणून त्यांचे ३८ हे अख्खे ३८ धरायचे. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की समोरचा नियमित करदाता आहे की कंपोझिशनवाला, हे कुणालाही दिसतं. धंद्याचं स्वरूपही दिसतं. तिसऱ्याच्या नावापुढे ‘उत्पादक’ नव्हतंच, घाऊक आणि किरकोळ विक्री होती. म्हणजे स्वतःला फॅक्टरी म्हणवणारा हा माणूस आमच्यासारखाच व्यापारी निघाला.

भाडं धरून हिशेब असा बसला. पहिल्याचे ३८ रुपये २३२ ग्रॅमला, म्हणजे किलोला १६४. दुसऱ्याचे ३३ आणि पाकिटामागे १ रुपया २० पैसे टेम्पोचे, किलोला १६३. चौथ्याचे १४० आणि किलोमागे ९ रुपये भाडं, पुठ्ठा वजा केल्यावर किलोला १६२. आणि तिसऱ्याचं सगळ्यात स्वस्त पाकीट, २९ अधिक एक रुपया भाडं, १६८ ग्रॅमला. किलोला १७९.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे काकांनी आपल्याला बावीस वर्षं कितीला दिली?’ गोडाऊनच्या कोपऱ्यात काकांच्या शेवटच्या मालातलं एक फुटकं पाकीट होतं. वजन केलं: २२८. आम्ही त्याचे ३६ देत होतो. काकांनी फसवलं नव्हतं. पण ते कळायला बावीस वर्षं आणि एक वजनकाटा लागला.

तीन भाव दोन रुपयांच्या आत आल्यावर निवड भावावर होणार नव्हती. मेणबत्ती जाळूनच बघायला हवी होती.

पहिल्या दिवशीची चाचणी फुकट गेली, कारण मी पंखा चालू ठेवला होता. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते, मेण ओघळून खाली जातं आणि मेणबत्ती अर्ध्या वेळात संपते. तिसऱ्याची तर सव्वादोन तासांत आटोपली. दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून, पंखा बंद करून पुन्हा चारही लावल्या आणि तासातासाने वजन करत बसलो. आंटींची तासाला साधारण साडेसात ग्रॅम जळत होती, एक नग पाच तासांवर गेला. भिवंडीवाल्याची साडेसहा ग्रॅम, तीही पाच तासांच्या थोडी वरच. मसजिद बंदरची साडेतीन तास. गुजरातची जाडीला चांगली होती, पण ओघळून ओघळून चार तासांत बशीत तळं.

गुजरातच्या मालाचं कारण तिसऱ्या दिवशी कळलं. आमच्या गोडाऊनला पत्र्याचा माळा आहे आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिथे उभं राहवत नाही. दोन विटांमध्ये अंतर ठेवून प्रत्येकाची एकेक मेणबत्ती आडवी ठेवली. ऑगस्ट असूनही त्या दिवशी उघडीप होती. चार वाजेपर्यंत गुजरातची मधोमध केळ्यासारखी वाकली. बाकीच्या सरळ. तिचा चुरा खाकी कागदात दाबून ठेवला तर सकाळी कागदावर तेलाचा डाग.

भिवंडीवाल्याने फोनवर समजावलं. पॅराफिन मेण पेट्रोलियमच्या शुद्धीकरणातून निघतं. देशात चेन्नई पेट्रोलियम आणि आसामातली नुमालीगड रिफायनरी काढते, शिवाय आयातही होते. पूर्ण शुद्ध मेणात तेल अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, अर्धशुद्धात त्याहून जास्त. तेल जास्त म्हणजे मेण मऊ, लवकर वाकणारं, धूर करणारं, आणि अर्थात स्वस्त. ‘तुम्ही वितळबिंदू विचारलाच नाही, दादा,’ तो म्हणाला. ‘५८-६० चं मेण की ५४-५६ चं, यावर भाव ठरतो. तुम्ही विचारलं पांढरी आहे का. पांढरी तर सगळीच असते.’

वाऱ्याची परीक्षा बाकी होती आणि स्मशानभूमीसाठी तीच खरी. आमच्याकडची बरीच चर्चेस समुद्रापासून फार लांब नाहीत, संध्याकाळी वारा सुटतोच. गच्चीत वाळूचं घमेलं ठेवून चारही मेणबत्त्या रोवल्या. भिवंडीची, जी घरात सगळ्यात शांत जळत होती, ती पहिल्याच झुळकीला विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. वात बारीक. बारीक वातीची ज्योत लहान राहते, मेण कमी ओढते, म्हणून घरात जास्त टिकते आणि बाहेर टिकत नाही. आंटींची तडतडली, हेलकावे खाल्ले, पण राहिली.

तडतडण्याबद्दल आंटींना विचारलं. ‘अरे बाळा, पावसातला दोरा आहे तो, ओल धरतो. ऑक्टोबरात ओतलेली तडतडणार नाही.’ हे कुठल्याही कोटेशनमध्ये येत नाही. माल कुठल्या महिन्यात ओतलेला हवा, हे सांगावं लागतं.

तेव्हा २४ ऑगस्टला दुसरा मेसेज लिहिला. तिसऱ्यालाही पाठवला, उगीच मनात नको म्हणून.

‘साधी पांढरी मेणबत्ती, रंग-सुगंध नाही. लांबी १५ सेंमी, जाडी १८ ते १९ मिमी. एका नगाचं निव्वळ वजन किमान ३५ ग्रॅम, फरक चालेल तो ३ टक्क्यांपर्यंत. मेण पॅराफिन, वितळबिंदू ५८ ते ६०. वात सुती, विणलेली. उघड्यावर वापरायच्या मालासाठी जाड वात. एकूण २,४०० पाकिटं, त्यातली १,००० उघड्यावर वापरायची. माल ऑक्टोबरात ओतलेला हवा, १५ ऑक्टोबरपर्यंत वसईत पोच. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन छापलेला असावा. भाव असा द्यावा: आजचा मेणाचा किलोभाव कितीचा धरला तो वेगळा, त्यावरची तुमची घडणावळ (वात, मजुरी, पॅकिंग, नफा) वेगळी. भाडं वेगळं. जीएसटी वेगळा. हा भाव किती दिवस कायम राहील? रोख दिल्यास वटाव किती, ३० दिवसांनी दिल्यास किती? मान्य असल्यास ऑर्डरच्या मालाचीच दोन पाकिटं आधी पाठवावीत.’

बाबांना हे पत्र लांबलचक वाटलं. मसजिद बंदरवाल्यालाही. त्याचा फोन आला, ‘शेठ, एवढी चौकशी करणारं गिऱ्हाईक माल घेत नाही.’ त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही. गुजरातवाल्याने वितळबिंदू सोडून सगळ्याची उत्तरं दिली आणि साठ दिवसांची उधारी देऊ केली. मोह झाला, नाही असं नाही. पण वाकलेली मेणबत्ती साठ दिवस उधार मिळाली म्हणून सरळ होत नाही. त्याला नाही कळवलं.

घडणावळ वेगळी मागितल्याचा फायदा मला आधी नीट कळला नव्हता. मेणाचा भाव कच्च्या तेलामागे आणि आयातीमागे हलत राहतो, म्हणून कारखानदार आठवड्याच्या वर भाव धरून ठेवत नाहीत. ऑगस्टचं कोटेशन सप्टेंबरात कागद होतं. भिवंडीवाल्याने फोड दिली: मेण ११८, घडणावळ ३९, मिळून किलोला १५७. मी म्हटलं, घडणावळ ३९ वर बांधू, मेण ऑर्डरच्या दिवशीच्या भावाने. तो लगेच तयार झाला. त्याची भीती मेणाचीच होती. ऑर्डर दिली त्या दिवशी मेण १२१ होतं, म्हणून १६० लागले, पाकिटाला ३३ रुपये ६० पैसे. नुसत्या ‘फायनल रेट’वर अडून बसलो असतो तर त्याने भीतीपोटी आधीच दोन-तीन रुपये चढवून सांगितले असते.

बिलाशिवाय माल घेता का, हेही एकाने विचारलं होतं. कोण ते सांगत नाही. त्याचं दुखणं खरं आहे: तेव्हा मेणावर कर १८ टक्के आणि मेणबत्तीवर १२, त्यामुळे छोट्या उत्पादकाने मेणावर जास्त भरलेल्या कराचे पैसे सरकारी परताव्याच्या रांगेत अडकून राहतात. पण बिल नसेल तर आम्हाला वजावट नाही, आणि पुढच्या दुकानदाराला आम्हाला तर पक्कं बिलच द्यावं लागतं. स्वस्त दिसणारा माल आमच्याकडे येईपर्यंत महाग झालेला असतो.

शेवटी माल वाटून घेतला. उघड्यावरची १,००० पाकिटं आंटींकडे, घरातली १,४०० भिवंडीला. आंटींची पाकिटं साध्या कागदात, छपाई नसलेली, तशी किरकोळ दुकानात ठेवता येत नाहीत. लेबलं त्यांच्या नावाने आम्हीच छापून दिली, पाकिटामागे ८० पैसे. म्हणजे आंटींचा किलो १६७ वर गेला. भिवंडीवाला जाड वातीने तीही १,००० पाकिटं करून द्यायला तयार होता, त्याने नमुनाही पाठवला आणि तो वाऱ्यात टिकला. तरी आंटींनाच दिली. थोडं मन, थोडा हिशेब: एवढा माल एकाच शेडमध्ये अडकला आणि ऐन दिवाळीत तिथे काही झालं तर २ नोव्हेंबरला दुकान उघडून करणार काय? वटावाचा प्रश्न सोपा होता. भिवंडीवाला रोखीला २ टक्के सोडत होता, नाहीतर ३० दिवस. महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४. रोख दिले.

टीलाइटचं, म्हणजे पत्र्याच्या छोट्या वाटीतल्या मेणबत्त्यांचं, थोडक्यात सांगतो. तिथे शहाणपण वापरायला वेळच उरला नाही, जुन्या पद्धतीनेच ‘५० नग, रेट काय’ विचारून आठ खोकी घेतली. १२ ग्रॅम सांगितली होती, साडेनऊ भरली, आणि वातीची पत्री बुडाला चिकटलेली नसल्याने मेण वितळलं की वात आडवी. पाच खोकी अजून पडून आहेत.

भिवंडीचा माल १५ ऑक्टोबरला आला, ३५ पाकिटांची ४० खोकी. त्यातली पाच उघडून प्रत्येकातलं एक पाकीट काट्यावर ठेवलं. तीन ठीक, दोन खोक्यांत २०० ग्रॅम. ३ टक्क्यांची सूट धरली तरी २०४ च्या खाली नको होतं. मग सगळीच खोकी तोलली. अकरा हलकी निघाली. फोन केला तेव्हा तो आधी थोडा तणतणला, मग म्हणाला की एक साचा झिजलाय, त्यावरचा माल असणार. भांडण झालं नाही, कारण भाव पाकिटाचा नव्हता, किलोचा होता. ११ खोकी, ३८५ पाकिटं, प्रत्येकी १० ग्रॅम: पावणेचार किलोच्या थोडं वर. १६० ने ६१६ रुपये. संध्याकाळपर्यंत त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढे कमी केल्याचा कागद, आली.

आंटींचा माल दोन खेपांत आला, एकही पाकीट २२८ च्या खाली नव्हतं. मात्र दुसरी खेप १५ ऐवजी २१ तारखेला. नवऱ्याला ताप होता. सहा दिवस माझी झोप उडाली होती, हे त्यांना सांगितलं नाही.

३१ ऑक्टोबरच्या रात्री आंटींची सगळी पाकिटं संपली. २ तारखेला सकाळी सात वाजता एका दुकानदाराने वीस पाकिटं मागितली. आंटींना फोन केला, तर घरच्या थडग्यांसाठी ठेवलेली बारा होती, त्यातली आठ दिली. भिवंडीची ६१ पाकिटं उरली. ती माळ्यावर न ठेवता खाली काउंटरमागे ठेवली आणि जानेवारीपर्यंत सुटी-सुटी गेली.

मग २०२५ च्या २० एप्रिलच्या ईस्टरची तयारी सुरू झाली. आदल्या रात्रीच्या प्रार्थनेला लोक हातात धरतात ती बारीक मेणबत्ती लागते, दहा-बारा मिलिमीटरची, आणि मेण बोटावर ओघळू नये म्हणून मध्ये कागदाची चकती. लांबी, जाडी, वजन, वितळबिंदू सगळं लिहून आंटींना पाठवलं. त्यांनी उलट विचारलं की चकत्या कोण कापणार. ते मी लिहिलं नव्हतं.